खड्डे संपतात तिथं घर

औरंगाबादच्या बसस्थानकाबाहेर रिक्षावाल्यानं "किधर जाना साब?" असं विचारलं तेव्हा पत्त्याची चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशातच होती. ती काढून वाचून दाखवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण साताऱ्याहून बसमध्ये अंग आंबवत आलो होतो, आणि आपल्या बोलण्याला कोणीतरी हसावं ही माझी लहानपणापासूनची हौस. तिनं उचल खाल्ली. मी म्हणालो, "शहागंजातून पुढं घ्या. मारुतीच्या पाराची गल्ली लागेल. तिथं खड्डे सुरू होतात. ते जिथं संपतील तिथं थांबवा. तेच नगरसेवकांचं घर. आमचे मेव्हणे आहेत."

रिक्षावाला हसला नाही. त्यानं आरशातून माझ्याकडं नीट पाहिलं.

"आप जवाई हैं उस घर के?"

"हो."

"सच बोले साब," तो म्हणाला आणि त्यानं रिक्षाचं हँडल ओढलं.

मी ते कौतुक समजलो. त्याचं नाव रफिकभाई आणि तो त्याच गल्लीत राहतो, हे मला उतरताना कळलं. भाड्याला त्यानं हात लावला नाही. "गल्ली के जवाई से पैसे नक्को," म्हणाला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

सावध राहण्याबद्दल कुसुमनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, निघताना मला पुरेसं बजावलं होतं. "रस्ते, धरणं, साखर आणि पुढारी, ह्यांतलं तिथं काहीही बोलायचं नाही. जेवायचं, कौतुक करायचं, परत यायचं." ह्या बजावण्याला इतिहास होता. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत मी तिच्या थोरल्या भावाला, प्रल्हादरावांना, म्हणालो होतो की तुमच्याकडं रस्त्याला दिशा असते, फक्त रस्ता नसतो. सगळी पंगत हसली. प्रल्हादराव हसले नाहीत. त्या दिवसापासून कुसुमच्या राख्या टपालानं जाऊ लागल्या आणि पोचल्याचं साधं कार्डही येईना. नंतर प्रल्हादराव महापालिकेत निवडून आले, त्यांनी नवं घर बांधलं, तेही आम्हाला तिसऱ्याकडून कळलं. आणि ह्या अधिक महिन्यात अचानक त्यांचा फोन आला. धोंड्याचं जेवण आहे, जोडीनं या. गल्लीतून सरळ आलात की जिथून नवा सिमेंटचा रस्ता लागतो, तेच आपलं घर.

कुसुम फोन ठेवून कितीतरी वेळ तिथंच उभी होती. पण त्याच आठवड्यात माझी आई मोरीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तिच्याजवळ कोणीतरी हवंच होतं, म्हणून कुसुम थांबली. धोंड्याला जावई लागतोच, म्हणून मी निघालो.

तसं पाहिलं तर रस्त्याचा विषय मी सोडला तरी विषय मला सोडत नव्हता. वाळूजपाशी बस धुळीत धडधडायची थांबली आणि एकदम लोण्यावरून चालल्यासारखी चालू लागली. शेजारी कंपनीच्या निळ्या कपड्यातला एक तरुण डुलक्या घेत होता. मी म्हटलं, "वा, रस्ता सुधारला." तो डोळे न उघडता म्हणाला, "कंपन्यांच्या गेटापस्तोर सुधारलाय काका. माल जायचा रस्ता हाय ह्यो. माणसं जायचा पुढं लागंल." आणि तो बजाजनगरला उतरून गेला. मी शाळेत भूगोल शिकवतो. मुलांना मी दळणवळणाचा धडा इतक्या थोडक्यात कधी समजावू शकलो नाही.

नव्या घराचं फाटक

खड्डे खरोखरच नगरसेवकांच्या फाटकाशी संपले. तिथून पुढं नव्या प्लॉटांच्या दिशेनं पांढराशुभ्र सिमेंटचा रस्ता गेला होता, आणि मागं, जिथून मी हाडं मोजत आलो होतो, ती जुनी गल्ली उन्हात धुरळा उडवत पडली होती. फाटकासमोर बायकांची भलीमोठी रांग होती. हातात घागरी, हंडे, कळश्या. मी मनातून हललो. आमच्याकडं जावयाला धोंड्याला बोलावतात, पण पाण्यानं भरलेल्या घागरी घेऊन गल्लीच्या गल्ली स्वागताला उभी राहत नाही. मी रिक्षातून उतरलो आणि सगळ्यांना मिळून एक नमस्कार केला.

"नमस्कार कुणाला करता दाजी?" एकीनं विचारलं. "नव्या रस्त्यानं टँकर येऊ लागला का ते बघा आधी!"

घागरी रिकाम्या होत्या. टँकर गल्लीतल्या खड्ड्यांत शिरत नाही, तो उलट्या बाजूनं, नव्या रस्त्यानं येतो आणि जिथं चांगला रस्ता संपतो तिथं थांबतो. म्हणजे रोज नगरसेवकांच्या दारात. गल्लीतल्या सगळ्या बायका रोज त्या फाटकासमोर उभ्या राहून ते नवं घर पायापासून गच्चीपर्यंत बघतात.

प्रल्हादरावांनी मात्र मला पाहताच मिठी मारली. रुंद छातीचा, मोठ्या आवाजाचा माणूस. पंगतीतलं बोलणं विसरल्यासारखं त्यांनी मला खोल्या दाखवल्या, फरशी दाखवली, गच्चीवरून रस्ता दाखवला. "दिशा बी हाय आणि रस्ता बी हाय, दाजी," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. म्हणजे विसरले नव्हते. मी भरपूर कौतुक केलं. वहिनींनी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि वर लसणीचा ठेचा वाढला. आमच्याकडं आमटी पातळ आणि बोलणं तिखट असतं. इथं आमटीच अशी होती की बोलायला जीभ शिल्लक राहिली नाही, आणि ते माझ्या पथ्यावर पडलं. मला वाटलं, जमलं. राखी आता टपालानं जाणार नाही.

चहाच्या वेळेला गयामावशी आल्या. कुसुमचं आणि प्रल्हादरावांचं लहानपण ह्याच गल्लीत, ह्या मावशींच्या शेजारी गेलं. कुसुमला त्या कुसी म्हणतात. काटकुळ्या, कपाळावर ठसठशीत गोंदण. दारातच उभ्या राहून त्यांनी मला न्याहाळलं.

"ह्येच व्हय आपले जावईबापू? खड्डे संपत्यात तिथं नगरसेवकाचं घर, असं म्हणले ते?"

प्रल्हादराव हसत होते, ते हसणं तसंच तोंडावर राहून गेलं.

"कोण म्हणलं?" त्यांनी विचारलं.

"रफिकच्या रिक्षात म्हणले. सगळ्या गल्लीला पाठ झालंय." मावशी शांतपणे म्हणाल्या. "पल्हाद, आज पारावर बैठक ठरवलीय. रस्ता होईस्तोवर घरपट्टी कुणी भरायची नाय, असा इचार चाललाय. तू दर खेपंला म्हणतोस, अध्यक्ष इरोधी पार्टीचा असतो, मी येत नाय. आता अध्यक्ष जावईबापू. आता बोल."

प्रल्हादरावांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत लग्नाची पंगत पुन्हा उठून बसली होती. मग ते म्हणाले, "येतो. दाजी आमचेच हायेत."

"आमचे बी हायेत," मावशी म्हणाल्या. "कुसी गल्लीत वाढली. गल्लीचा जावई हाय."

मला कोणी विचारलं नाही. अधिक महिन्यात जावयाचा मान एवढा मोठा असतो, की त्याला काही विचारायची गरजच उरत नाही.

पारावर

आमच्याकडं अध्यक्षाला हार घालतात. इथं मला टोपी चढवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि पिंपळाखालच्या एकुलत्या एका लोखंडी खुर्चीवर बसवलं. खुर्चीचा एक पाय खड्ड्यात होता. त्यामुळं सबंध सभा मी प्रल्हादरावांच्या बाजूला थोडा कललेला होतो. ते बरं दिसत नव्हतं, पण इलाज नव्हता.

प्रल्हादराव बोलायला उभे राहिले आणि मला कळलं की हा माणूस निवडून कसा आला.

"मंडळी, तुमचा राग बराबर हाय," ते म्हणाले. "पण पैसा हाय कुठं? आपला मराठवाडा महाराष्ट्रात गेला तवा एक अट घातली का आपण? बिनशर्त गेलो! आणि मिळालं काय? धरणं कुणाकडं? कारखाने कुणाकडं? डांबर कुणाकडं?" प्रत्येक 'कुणाकडं'ला त्यांचा हात आपसूक माझ्याकडं वळत होता. "वाळूजच्या कंपन्या कर भरत्यात, त्यो जातो मुंबईला. आणि मुंबईहून सुटलेली गाडी सरळ साताऱ्याला जाऊन थांबती!"

टाळ्या पडल्या. सगळी गल्ली माझ्याकडं अशी बघू लागली, जणू कोयनेचं पाणी मी बाटलीत भरून घेऊन चाललो होतो. सातारला आमच्या घरापुढं पावसाळ्यात रिक्षा येत नाही, हे सांगावंसं वाटलं. पण अध्यक्षानं मध्येच बोलायचं नसतं, आणि कुसुमनं तर बोलायचंच नाही असं सांगितलं होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "पयले सातारकडून वसूल करा!" मी नारळ छातीशी धरला.

गयामावशी उठल्या. टाळ्या आपोआप विरल्या.

"पल्हाद, मुंबईनं अडवला असंल. सातारनं पळवला असंल. मी कुठं नाय म्हणते? पण त्यातून जो सुटला, जो आपल्या वार्डापस्तोर आला, त्यो तुझ्या दारापसून पुढंच कामून गेला? ह्या पारापसून कामून नाय सुरू झाला?"

प्रल्हादरावांनी मान पुसली. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला आणि ते मोठ्यानं हसले.

"मावशी, धोंड्याचा महिना हाय! जावई दारी आलाय. ह्या महिन्यात जावयाला नाय म्हणायचं नसतं. दाजी, मागा! रस्ता मागा! पाऊस पडायच्या आत पारापसून रस्ता. दाजींचा मान म्हणून दिला!"

काय टाळ्या! शिट्ट्या झाल्या. मी तर उठून उभाच राहिलो. हात जोडले. डोळ्यांसमोर मी घरी कुसुमला सांगतोय असं चित्र आलं, की जे महापालिकेला जमलं नाही ते तुझ्या नवऱ्यानं टोपी-टॉवेलवर केलं.

गयामावशींनी टाळ्या संपू दिल्या.

"खाली बसा, जावईबापू."

मी बसलो.

"दिला म्हणतो," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुझ्या बापाचा हाय व्हय, द्यायला?"

प्रल्हादरावांचं तोंड लाल झालं.

"आमचं गाव गोदावरीच्या काठी. पल्याड इंग्रजाचा मुलूख, अल्याड निजामाचा. तिकडून गुळाची ढेप आणली तरी करोडगिरीचा, जकातीचा नाका. घ्यायचे बराबर. लई मोठा श्रीमंत राजा म्हणायचे, आणि आमच्या गावाला जायला बैलाच्या पोटापस्तोर चिखल. कधी खुशीत आले तर द्यायचे बी. कुठं हिरीला पैका दिला, कुठं धर्मशाळा दिली. दिलं तर दिलं, नाय तर नाय. इचारायचं नाय. मग पोलीस ॲक्शन झालं. मी परकर नेसायची तवा. लोक गुलाल खेळले. मी बापाला म्हणलं, बाबा, आता काय बदललं? रस्ता तर तसाच हाय. त्यो म्हणला, माय, आता इचारायचं. येवढंच बदललंय." त्या थांबल्या. "दाजींच्या मानापायी रस्ता नको मला. दाजी उद्या गाडीत बसून जातील. मला जबाब पायजे. अध्यक्ष हाव ना तुमी, जावईबापू? इचारा त्याला."

सगळी गल्ली माझ्याकडं वळली. प्रल्हादरावही. त्यांनी मान किंचित हलवली. नका विचारू, असं ते म्हणत होते, आणि त्यात धमकी नव्हती, हेच वाईट होतं. विनंती होती. मला टपालानं गेलेल्या राख्या दिसल्या. फोन ठेवून तिथंच उभी राहिलेली कुसुम दिसली. हा प्रश्न माझ्या तोंडून गेला तर तिला माहेर राहणार नव्हतं. न गेला तर ह्या बायका उद्या पुन्हा त्या फाटकासमोर उभ्या राहणार होत्या. मी पाणी मागितलं. कोणीतरी म्हणालं, "टँकर सकाळी येतो."

मी घसा खाकरला. "मला वाटतं, ह्या प्रश्नाचा आपण सर्वांनी मिळून, सामंजस्यानं..."

"साब," मागून रफिकभाईंचा आवाज आला, "रिक्षा में तो सीधा बोले थे."

आता कोणी हसलं असतं तर मी सुटलो असतो. कोणी हसलं नाही.

"प्रल्हादराव," मी म्हणालो, आणि माझा आवाज नववीतल्या मुलासारखा फाटला. "रस्ता तुमच्या दारापासून पुढंच का गेला?"

ते माझ्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले.

"दाजी, हे तुमी इचारता?"

खांद्यावरचा पंचा झटकून ते खड्ड्यांतून घराकडं चालू लागले. त्यांना कोणी हाक मारली नाही. बैठक संपली असं जाहीर करायचं काम अध्यक्षाचं असतं, पण मला ते सुचेपर्यंत पारावर मी आणि नारळ, दोघंच उरलो होतो.

धोंड्याचं ताट

रात्री त्या घरात कूलरखेरीज कोणी बोललं नाही. सकाळी उठलो तर प्रल्हादराव घरात नव्हते. वहिनी स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या. मी पिशवी भरून ओट्याशी जाऊन उभा राहिलो.

"मी निघतो, वहिनी."

"जेवल्याबिगर?" त्यांनी मागं वळून न बघता विचारलं. "अधिक महिन्यात जावई उपाशी गेला तर वन्संना मी काय तोंड दाखवू? बसा तिथं."

मी बसलो. पाटाभोवती रांगोळी निघाली. तुपात न्हालेले पुरणाचे धोंडे आले, खसखशीचे जाळीदार अनारसे वाणाच्या ताटात रचले गेले, निरांजन लागलं. जेवण समोर आणि जेवता येत नाही अशी अवस्था. कारण ह्या घरच्या रीतीनं जावयाचे पाय मेव्हण्यानं धुवायचे असतात, आणि त्याआधी घास उचलायचा नसतो. आमच्याकडं हे काम परातीत दोन थेंब शिंपडून उरकतात. इथं तसं चालत नाही. बाहेर टँकर आला, घागरींचा आवाज झाला, टँकर गेला. धोंड्यांवरचं तूप थिजलं. वहिनी मधूनमधून दाराकडं बघत आणि माझ्याकडं बघायचं टाळत.

प्रल्हादराव आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरी झाली होती. कोणाशी न बोलता त्यांनी तांब्या आणि परात घेतली, माझ्यासमोर बसले आणि माझा पाय ओढून परातीत ठेवला. जरा जोरातच ओढला. पाणी गार होतं. नुकतंच आलेलं, टँकरचं.

"गयामावशीकडं गेलतो," खाली मान घालूनच ते म्हणाले. "मग रफिककडं. मग सगळ्याच दारांत."

मी काही विचारलं नाही. आदल्या दिवशीचं विचारणं मला वर्षभर पुरणार होतं.

"सांगितलं खरं ते. घर बांधत होतो. वाळूचे ट्रक रुतायचे. म्हणलं, आपल्या बाजूचं आधी होऊन जाऊ दे, गल्लीचं पुढच्या वर्षी. मग पुढचं वर्ष यायचंच राहिलं." त्यांनी दुसरा पाय घेतला. हा जरा हळू. "रात्रभर इचार केला, दाजी. काय सांगावं? मुंबई सांगून झाली, सातारा सांगून झाला."

"मावशी काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, आता बरं वाटलं. आणि घरपट्टी भरणार नाय म्हणल्या, रस्ता होईस्तोवर." ते किंचित हसले, पण ते हसणं दुखऱ्या दातानं हसल्यासारखं होतं. "शनिवारी परत बैठक हाय. ह्या खेपंला मीच लावलीय." मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमी तवर साताऱ्याला पोचाल ना?"

"आज संध्याकाळच्या गाडीनं निघतो."

"निघा. नक्की निघा."

पंच्यानं त्यांनी माझे पाय पुसले. घोट्याशी हात तसाच ठेवून म्हणाले, "कुसीला सांगा, राखी टपालानं पाठवायची नाय. येऊन बांधायची."

मी थिजलेले धोंडे खाल्ले. इतके गोड धोंडे मी आजवर खाल्ले नव्हते.

जाताना रफिकभाईच आले. ह्या वेळी मी रिक्षात अवाक्षर बोललो नाही. क्रांती चौकात सिग्नलला थांबल्यावर त्यांनी आरशात बघून विचारलं, "क्यों साब, आज चुप?" मी म्हटलं, "पत्ता माहीत आहे ना तुम्हाला? बसस्थानक." ते तेव्हा हसले. इतकं हसले की मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. ज्या विनोदावर हसायला हवं होतं त्यावर नाही, आणि ज्यात विनोद नव्हता त्यावर हसले. पण मी तेवढ्यावर समाधान मानलं.

घरी

घरी पोचलो तेव्हा आई झोपली होती आणि कुसुम तिच्या उशाशी औषधाची वाटी घेऊन बसली होती. मी वाणाचे अनारसे, दिवा आणि भावानं दिलेली साडी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. थोडं वाढवूनही सांगितलं. माझा आवाज फाटला तो भाग गाळला. रिक्षातलं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. बैठकीतलं ऐकताना तिच्या हातातली वाटी तशीच राहिली. राखीचा निरोप सांगितला तेव्हा तिनं साडी उचलून मांडीवर घेतली, तिची घडी उगाच मोडली आणि पुन्हा घातली.

"म्हणजे बघ," मी ऐटीत म्हटलं, "बोलू नका म्हणालीस, आणि बोललो म्हणूनच सगळं मार्गी लागलं." आणि पाय पसरायला मी आरामखुर्चीकडं वळलो.

"तिथं नाही. इथं बसा," ती म्हणाली. तिनं औषधाची वाटी माझ्या हातात दिली, आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि स्वतः आरामखुर्चीत जाऊन बसली. "आज अध्यक्ष मी. दादाला भर पारावर विचारून आलात ना, तुझ्याच दारापासून का म्हणून? आता तुम्ही सांगा. आई तुमच्या, बोलावणं माझ्या माहेरचं. मग मी थांबायचं आणि तुम्ही जायचं, हे कोणी ठरवलं?"